आज दिवो कोण लावता?

आमच्या घरात बाईच्या अंगावरचं सगळं दिव्यावरून कळतं. तिन्हीसांजेला देवाकडे आणि दारातल्या तुळशीकडे दिवा लावायचं काम धाकट्या सुनेचं, म्हणजे माझं. महिन्यातले चार दिवस तो दिवा माझी मोठी जाऊ, आमची वैनी, लावते. तुळस रस्त्याच्या बाजूला, त्यामुळे दिवा घेऊन कोण बाहेर आलं हे अख्खा वाडा, म्हणजे आमची सगळी वस्ती, बघतो. समोरची म्हातारी तर रस्त्यापलीकडून ओरडून विचारायची, "आज वैनी लावता दिवो? बरा, बरा." तिचं काय बरं व्हायचं ते देवालाच ठाऊक. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. आमच्याकडे सुनेचे चार दिवस कुठले, हे वेगळं सांगायला नको.

हा दिव्याचा नियम माझ्याच भांडणातून निघाला. लग्न होऊन डिचोलीहून धारगळला आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात सासूने पडवीत चटई टाकून दिली आणि वेगळं ताट-पेला मांडला. मी ताट उचलून परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. म्हटलं, आमच्या आईने मला कधी बाहेर बसवलं नाही, आणि मी शिवणकाम करणारी बाई, चार दिवस मशीनवर कोण बसणार, देव? दोन दिवस सासू माझ्याशी बोलली नाही. मग तीच म्हणाली, स्वयंपाकघरात ये, खाटेवर नीज, काय करायचं ते कर, पण देवाचा दिवा तेवढा लावू नको. मी म्हटलं, चालेल. मला वाटलं मी जिंकले. माझी तारीख मी वाड्याला टांगून दाखवतेय, हे लक्षात यायला पुढे बराच काळ गेला.

लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. दर महिन्याला वैनी दिवा घेऊन तुळशीकडे गेली की मला वाटायचं, झालं, पुन्हा सगळ्यांना कळलं. कोणी काही बोलायचं नाही. न बोलण्याचाच वैताग यायचा.

आणि त्या श्रावणात माझा दिवा चुकला नाही. तारीख आली आणि गेली, वर दोन आठवडे झाले, रोज संध्याकाळी मीच वात तेलात भिजवत होते. घरी तपासणी केली होती, ते फक्त नवऱ्याला माहीत. तीन महिने व्हायच्या आधी बोलायचं नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. सासूने काही विचारलं नाही. फक्त देवाच्या वरच्या फळीवरचा तेलाचा डबा एके दिवशी खाली आला. मला हात उंच करावा लागू नये म्हणून. मी तो डबा बघितला आणि समजले की ही समजली.

गणपतीची चवथ जवळ आली होती. आमच्याकडे चवथीचं काम म्हणजे वेड लागायची पाळी. घराला रंग, माळ्यावरची भांडी, अंगणाची साफसफाई, आणि माझ्याकडे वर ब्लाऊजांचा ढीग. प्रत्येकीला नवा ब्लाऊज चवथीआधी हवा. पुढच्या खोलीत, जनेलाजवळ, म्हणजे खिडकीपाशी माझं मशीन, आणि मशीनच्या दोन्ही बाजूंना पिशव्या. त्या दुपारी एका ब्लाऊजचं अस्तर लावत होते. खाली काहीतरी ओलं लागलं. उठून न्हाणीत गेले. बघितलं तर लाल.

खूप नव्हतं, हे आधीच सांगते. पण लाल होतं. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले आणि पहिला विचार काय आला सांगू? आता आज दिवा कोण लावणार?

नवरा मोपाला विमानतळावर ड्युटीवर. फोन लावला. वैनी बाजूला स्वयंपाकघरात नारळ किसत होती, म्हणून हळू आवाजात म्हटलं, "ओ, डाग दिसलो."

आता इथे थोडं थांबून सांगावं लागेल. आमच्याकडे डाग म्हणजे कपड्यावरचा डाग तर आहेच, पण डाग म्हणजे सोन्याचा दागिनासुद्धा. आणि पंधरवड्यापूर्वी सासूच्या कानातली एक कुडी हरवली होती. तिच्या आईकडून आलेली, मोत्याची. सगळ्या घराने तिच्यासाठी कोपरान् कोपरा धुंडाळला होता.

तर नवरा तिकडून मोठ्याने ओरडला, "गावलो? खय गावलो? मी सांगत होतंय मां, कपाटाच्या मागे बघा म्हणान!"

मी म्हटलं, "तो न्हय."

"मग?"

"माझो."

त्याच्या मागे कुठल्यातरी विमानाची घोषणा चालू होती, ती सगळी मला ऐकू आली. मग म्हणाला, "उठा नको. इलंय." मी रडले नाही तेव्हा. उलट एक घाणेरडं हसू आलं. शिरा पडो त्या शब्दावर, म्हटलं, आमच्या भाषेत सोनंही तेच आणि हेही तेच.

मित्राची गाडी मागून तो आला. घरी सांगितलं, अस्तराचं कापड संपलंय, म्हापशाला जाऊन येतो. वैनी म्हणाली, येताना पाव आणा, आज पदेर आला नाही. सासू बाल्कांवात, दारापुढच्या बाकावर, बसून वाल सोलत होती, तिने मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि परत वालाकडे बघितलं. रस्त्यावर प्रत्येक खड्डा नवरा असा चुकवत होता की मागच्या गाड्या हॉर्न मारून मारून थकल्या. मी दोन्ही हात पोटावर धरून बसले होते. हात धरून काय होतं? काही नाही. पण धरले होते.

डॉक्टरबाई वयस्कर होत्या आणि घाईत होत्या, पण माझ्याशी घाईने बोलल्या नाहीत. आतून तपासलं, सोनोग्राफी केली. पिशवी दिसते आहे म्हणाल्या, जागेवर आहे, पण ठोके दिसायला अजून लवकर आहे, थोड्या दिवसांनी परत बघू. मी विचारलं, "म्हणजे राहील का?"

"आत्ता सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "सुरुवातीच्या महिन्यांत असं रक्त जाणं पुष्कळ जणींना होतं, आणि पुष्कळ जणींचं थांबतं आणि सगळं नीट होतं. काहींचं होत नाही. तुमच्या हातात फार काही नाही, आणि तुम्ही काही केलं म्हणूनही हे झालेलं नाही. मशीन चालवलं म्हणून नाही, गाडीतून आलात म्हणून नाही, काही खाल्लं म्हणून नाही. आराम करा, वजन उचलू नका. पॅड तासाभरात भिजायला लागलं, खूप पोटात दुखायला लागलं, चक्कर आली, तर वाट बघू नका, सरळ निघून या."

गोळ्या लिहून दिल्या. मी आणखी काहीतरी सांगतील म्हणून बसून राहिले. आराम करा, एवढंच. घरी आराम कुणाला मागायचा ते त्यांच्या चिठ्ठीत नव्हतं. पोटात काय आहे ते सांगितलं नाही तर आराम मागता येत नाही, आणि सांगितलं आणि उद्या राहिलं नाही, तर मग सगळ्या वाड्याचे चेहरे कोण बघणार? गाडीत बसल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, मला कंटाळा आलाय. तो म्हणाला, कशाचा? म्हटलं, सगळ्याचा. त्याने पावांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि गाडी सुरू केली.

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. मी हातपाय धुऊन सवयीने देवाकडे वळले, तेवढ्यात सासूने दंड धरला.

"आज दिवो तू लावा नको," ती म्हणाली. "तू आज भायर बस."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दिवसभर जे दाबून ठेवलं होतं ते सगळं उसळून वर आलं. "आई," मी म्हटलं, "माझा हय काय चल्ला हा, आणि तुमका सोवळा सुचता?"

तिने मला ओढत पुढच्या खोलीत नेलं, दार लोटलं. "अगो येडे," ती म्हणाली, "सोवळ्याचा कोण सांगता? भायर बसलंस तर तुका कोण काम सांगात? कोण उठ म्हणात? बाईमाणसाक पडान रवाक ह्या घरात दुसरा काय निमित्त असा?"

खरंच होतं. ताप आला तर पेज खाऊन उठायचं, डोकं दुखलं तर बाम लावून उठायचं. एकाच गोष्टीसाठी बाईला कोणी उठ म्हणत नाही, आणि ती गोष्ट मी स्वतः भांडून घरातून हाकलली होती.

"आणि वैनी?" मी विचारलं.

"तिका सांगतंय अडचण इली म्हणान. खरा सांगला तर सकाळपर्यंत पेडण्याक पोचात. तिच्या पोटात काय रवणा नाय."

हे बोलून झाल्यावर आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ती पटकन मागे वळली आणि चटई आणायला गेली. तिथेच मशीनजवळ चटई टाकून तिने वर आपली स्वतःची गादी घातली, वर दोन उशा दिल्या. वेगळं ताट मांडलं, तेही मोठं. अशी बाहेर बसलेली बाई त्या घराने कधी बघितली नसेल.

वैनी दारात येऊन उभी राहिली. कंबरेवर हात. "काय गो," म्हणाली, "चार वर्सांनी अक्कल इली?" तिच्या आवाजात विजय होता. दीड महिन्यात दिवा तिच्याकडे गेला नव्हता, तिलाही काहीतरी वाटलं असणारच. आता तिने हातात दिवा घेतला आणि मनातला हिशेब मोडून टाकला. जाता जाता म्हणाली, "आता भांडी माळ्यावरची मीच काढूची मां? काढतंय बाय, काढतंय." भांडी तिने आपटत आपटत काढली. मला तिचा राग आला नाही. तिला बिचारीला दोघींचं काम पडलं होतं, आणि का पडलं तेही माहीत नव्हतं.

मग सुरू झालं ते बघणं. हे बघणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. न्हाणीत जायचं आणि बघायचं. कमी आहे का? जास्त आहे? लाल की तपकिरी? तपकिरी म्हणजे जुनं, बरं. मग दुपारी परत लाल. मग सकाळी काहीच नाही, आणि काहीच नाही म्हटल्यावर इतका आनंद की पेज दोन वाट्या खाल्ली. आणि परत संध्याकाळी ठिपका. जायची गरज नसतानाही मी जायची. गरज असताना जायची नाही, भीतीने धरून बसायची. पुसताना डोळे मिटून घ्यायची आणि मग एक डोळा उघडायची. मी साधी शिवणारीण, टाका सरळ आला की नाही हे लांबून कळणारी बाई, आणि एवढ्याशा कागदाकडे इतका वेळ बघायची की रंगच कळेनासा व्हायचा. बाकीचा वेळ पडून छपराकडे बघत असे. पडून पडून जितकी दमले तितकी चवथीच्या कामातही कधी दमले नव्हते.

ब्लाऊजवाल्या येत होत्याच. जनेलातून तोंड घालून विचारायच्या, "झालो माझो ब्लाऊज?" मी म्हणायची, "भायर असंय, मशीनाक हात लावणंय नाय." तर एक म्हणाली, "अगो, तू तर ह्या काय पाळी नव्हतंस!" म्हटलं, "आता पाळतंय." लोकांच्या दृष्टीने मी एका रात्रीत धार्मिक झाले होते. समोरच्या म्हातारीने तर माझं कौतुक केलं म्हणे.

आईला फोनवर खरं सांगितलं. ती म्हणाली, मी येते. मी म्हटलं, येऊ नको, तू आलीस की सगळ्यांना कळेल. तिने डिचोलीहून रोज फोन करायचा आणि "जेवलंस?" एवढंच विचारायचं असं ठरलं. जेवलंस म्हणजे आज किती गेलं. मी "थोडं" म्हणायची. एकदा "काहीच नाही" म्हटलं तर ती खूश होऊन हसली आणि बाजूला बसलेले माझे वडील म्हणाले, मुलगी उपाशी आहे आणि तू हसतेस?

चार दिवस सरले. चौथ्या दिवशी न्हायचं, आणि अंथरूण-पांघरूण-चटई सगळं स्वतः धुऊन काढायचं, हा जुना नियम. आता आराम करणाऱ्या बाईने गोधडी कशी पिळायची? म्हणतात ना, आगीतून फुफाट्यात. मी बाल्दी उचलायला वाकले तर सासूने तोंडाने नुसतं "च्च" केलं आणि सगळं बोचकं उचलून विहिरीकडे गेली. वैनीने बघितलं. सुनेचं बाहेर बसल्याचं अंथरूण सासू धुते, हे तिने जन्मात बघितलं नव्हतं. "आई, तुमका काय झाला हा?" तिने विचारलं. सासू म्हणाली, "तिच्या अंगावर लय जाता. अशक्त झाली हा. अजून काय दिस बसांदी तिका भायर."

यात वैनीला खरंच दया आली, आणि तिथेच घोटाळा झाला. तिच्या माहेरी म्हणे असं अडकून अडकून जात असेल तर पोट एकदा साफ करून टाकायचं. दुपारी ती परसातली पिकलेली पपई कापून, वर मीठ भुरभुरवून माझ्यापुढे घेऊन आली. "खा गो बाय, सगळा मोकळा जाता बघ." तिच्या डोळ्यांत इतकी माया होती की मला नाही म्हणता येईना. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की खाण्यापिण्याने असं काही होत नसतं, हे मला पाठ होतं. पण हात पुढे जाईना. तेवढ्यात सासू आली. ताट बघितलं. तिने खाली बसून, पपईची एकेक फोड उचलून, सगळं ताट संपवलं. सासूला पपईचा वाससुद्धा चालत नाही. वैनी तिच्याकडे बघतच राहिली. "माका होयी होती," सासू म्हणाली आणि तोंड पुसलं. त्यानंतर दोन दिवस तिचं पोट बिघडलं होतं, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. त्या सगळ्या दिवसांत मनापासून हसले ते एवढंच.

परत दाखवायला जायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी वैनी सामान आणायला पेडण्याच्या बाजाराला गेली होती. सकाळपासून माझी कंबर भरून आली होती. मला वाटलं पडून पडून आली असेल. मग पोटात कळ सुरू झाली, जात-येत, जात-येत, आणि मला कळलं. कुणी सांगायला लागत नाही. मी हाक मारली तेव्हा सासू अंगणात होती, ती हातातली केरसुणी घेऊनच धावत आली.

न्हाणीत जे झालं ते मी सगळं लिहिणार नाही. सासू माझ्या मागे जमिनीवर बसली होती, मी तिला टेकले होते, तिचे दोन्ही हात माझ्या कपाळावर. ती मला रडू नको म्हणाली नाही. "रड," म्हणाली, "कोण नाय घरात, जोरात रड." मी रडले. कळ थांबल्यावर आणि जे जायचं ते गेल्यावर तिने मला खोलीत आणून निजवलं, नवऱ्याला फोन लावून दिला, आणि विचारलं, "कोरो कपडो खय असा?"

मी म्हटलं, खणात जुन्या साड्यांचे तुकडे आहेत.

"जुनो नको. कोरो."

मी मशीनकडे बोट दाखवलं. म्हापशाहून आणलंय असं सांगितलं होतं ते अस्तर खरं तर आधीचंच होतं, पांढरं, अजून घडी मोडलेली नव्हती. माझी कात्री घेऊन तिने एक चौकोन कापला. तिरका कापला, तिला कात्री धरता येत नाही. मग ती मागे परसात गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या नखांत माती होती. ती मातीचे हात घेऊनच माझ्या जवळ बसली.

नवरा आला, आम्ही डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी तपासलं, म्हणाल्या, सगळं बाहेर पडलंय, वेगळं काही करायला लागणार नाही, रक्त थोडे दिवस जाईल, ताप आला तर या. आणि परत तेच म्हणाल्या, तुमचं काही चुकलं नाही. हे त्या रोज कितीजणींना म्हणत असतील. मला ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं. घरी येताना नवऱ्याने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मला रडू येत नव्हतं, नुसती झोप येत होती.

घरी काहीच बदललं नव्हतं. मी बाहेर बसलेलीच होते, तशीच बाहेर बसलेली राहिले. वैनी बाजारातून येऊन लाडवांचा रवा चाळत होती, मला बघून म्हणाली, "काय म्हटल्यान डॉक्टरान? रगत कमी असात. बीट खा." घरात काहीतरी गेलं होतं आणि घराला त्याचा पत्ता नव्हता. लोकांच्या लेखी माझी पाळी लांबली होती, बस. ज्या लबाडीने मला गादी दिली, दोन उशा दिल्या, तिनेच आता तोंडात बोळा घातला. मी कुणाला काय सांगणार होते? कोण गेलं म्हणून सांगणार होते? नाव नाही, तोंड नाही, नुसता एक अस्तराचा चौकोन. मला वाटलं, असं झालंच नाही असं समजून पुढे जायचं असतं बहुतेक. सगळ्या बायका जातात.

त्या संध्याकाळी सासूने अंगठ्याला चिंधी बांधली होती. हळद लावलेली, जाड. विळीवर कापलं म्हणाली. वैनीला म्हणाली, "देवाचा तूच बघ आता. दिवो, फुला, नैवेद्य. माझो हात चालणा नाय." चवथ तोंडावर आलेली, देवाची भांडी घासायची, गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं-पानं बांधायची, आणि ही बाई देवाच्या खोलीत पाऊल टाकीना. उंबऱ्याबाहेरून सांगायची, हे असं कर, ते तसं कर. वैनी वैतागली. एक सून बाहेर, सासूचा हात कापलेला, सगळं घर एकटीच्या डोक्यावर. ती भांडी आपटत होती आणि मी आत पडून ते ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासू बाल्कांवात एकटी बसली होती. माझ्या खोलीच्या जनेलातून तिची पाठ दिसत होती. ती पाठ हलत होती. वैनी पाणी घेऊन बाहेर आली आणि थबकली.

"आई! रडतात कित्याक?"

सासूने पदराने तोंड पुसलं. "माझो डाग गेलो गो," ती म्हणाली.

"अजून त्या कुडयेचाच काय?" वैनी तिच्याजवळ खाली बसली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "रडा नको ओ. डाग काय, परत करूक येता. एक गेलो म्हणान काय झाला?"

"होय गो," सासू म्हणाली. "करूक येता."

मी आत तोंडावर उशी दाबून धरली.

तिसऱ्या दिवसानंतरच्या सकाळी सासू न्हाऊन माझ्या खोलीत आली. केस ओले, नेसलेलं लुगडं धुतलेलं. मशीनपुढच्या खुर्चीवर, माझ्या कदेलीवर बसून तिने अंगठ्याची चिंधी सोडली. मी बघितलं. अंगठ्याला काही झालेलं नव्हतं. न कापलेला, न खरचटलेला, नुसता बांधून ठेवल्याने पांढरा पडलेला आणि सुरकुतलेला.

"आई," मी म्हटलं, "कापला खय?"

"काय कापाक नाय."

मग मला कळलं. तीन दिवस देवाकडे नाही, दिव्याला हात नाही, उंबऱ्याच्या आत पाय नाही. तिची पाळी केव्हाच थांबलेली; तिच्या वयाला आमच्याकडे असं घरात कोणी वारलं तरच करतात.

"सुतक?" मी विचारलं. "तुमका लागता?"

"माका लागणा नाय. इतक्या ल्हानाचा घराक लागणा नाय. आवशीकच, म्हणजे तुकाच लागता, तीन दिस." ती चिंधीची घडी घालत होती, इतकी नीट, जणू परत लागणार आहे. "पण तू आदीच भायर बसलेली. तू धरलंस तरी कोणाक दिसात? कोणाक कळणा नाय, धरला काय नाय धरला काय."

"मग?"

"मग काय," सासू म्हणाली. "आमचा कोणतरी गेला. कोणीतरी दिसात असा धरूक नको? मी धरलंय."